तिला बांध

"मेंढरं कशी हाकतीस, ते पावण्यांना दाखव की!"

आबा सोफ्यावरून म्हणाले. समोर चार पाहुणे, हातात कपबश्या. मी दारात उभी. हातात चित्रांच्या कार्डांची पिशवी.

आधी एका पाहुण्यानं विचारलं होतं, ही कोण? मी सांगितलं, "तनूला शिकवते. स्वमग्न मुलांची थेरपिस्ट आहे." आबा हसले. "हिचा बाप आमच्या रानात मेंढरं बसवतो. अन् ही आमच्या नातीला माणसात आणणार!"

आणि मग ते वाक्य.

मी हाकली. खरं सांगते. बावीस वर्षांची, पुण्यात कोर्स करून आलेली मी, त्या चकचकीत फरशीवर उभी राहून तोंडानं "हुर्र, हुर्र" केलं. पुढं एकही मेंढरू नव्हतं. भीतीनं केलं. धरणाच्या काठची बरीचशी जमीन आबांची आणि त्यांच्या भावकीची. त्यांनी नाही म्हटलं तर बा कळप घेऊन कुठं जाणार?

पाहुणे हसले. आतल्या खोलीत तनू कान दाबून किंचाळली. तिला असा आवाज सोसत नाही, हे मीच घरच्यांना समजावलं होतं. आणि तो आवाज मीच काढला होता.

तनू आबांची नात. सात वर्षांची. बोलत नव्हती, नजर देत नव्हती. घरात तिला येडी म्हणायचे. तेव्हा गावात मोबाईल एकदोघांकडंच, ऑटिझम हा शब्द तर कुणी ऐकलाच नव्हता. तनूच्या आईनं, वहिनींनी, सासऱ्यांकडं हट्ट धरून मला बोलावलं होतं.

माझं काम बघणाऱ्याला काहीच वाटायचं नाही. पाण्याचं चित्र तनूच्या हातात द्यायचं. तिचा हात धरून ते माझ्या हातावर ठेवायचं. लगेच पाणी द्यायचं. परत तेच. परत तेच. ती चावायची, मी हात सोडायची नाही. दीड महिन्यानं एका सकाळी तिनं आपणहून कार्ड उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वहिनी भिंतीला टेकून रडल्या. आबा म्हणाले, "पाणी तर कुत्रंबी मागतं."

दिवाळीनंतर तनूच्या आत्याला बघायला मुलाकडचे येणार होते. मी पोचले तर आबा पडवीत उभे. हातात गोठ्यातलं दावं.

"तिला मागल्या खोलीत बांध. तुझं ऐकती ती. पावणं जाईस्तवर भायेर दिसली नाय पायजे."

मी दावं घेतलं. हो, घेतलं. मागच्या खोलीत गेले. तनू खिडकीपाशी डुलत होती. घोट्याजवळ जुना काळा वण. तो मी पहिल्या दिवशी बघितला होता आणि विचारलं नव्हतं.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "हात दे."

तिनं दिला. दोन्ही दिले. मीच शिकवलं होतं तिला. हात दे म्हटलं की द्यायचा, मग काहीतरी चांगलं होतं.

मी पडवीत परत आले आणि दावं आबांच्या पायाशी टाकलं.

"मी नाय बांधणार."

"काय?"

"दार लावून बसते तिच्यासंगं. आवाज येऊ देत नाय. पण बांधणार नाय, आबा."

"बापाला सांग, उद्या मेंढरं उठव म्हणावं."

बस. एवढंच. मी धरणाच्या भिंतीपर्यंत चालले आणि खाली बसले.

त्या दिवशी तनूला दुसऱ्या कुणीतरी बांधलंच. वहिनींनी पुढं सांगितलं. बानं कळप आंबेगावकडं हलवला. "लई शिकलीस," एवढंच म्हणाला. मग कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाही.

मी आळेफाट्याला बसस्टँडच्या मागं, जिन्यावरची एक खोली घेतली. तीन मुलं शिकायला आली. एक दिवस एसटीतून वहिनी उतरल्या, तनूला घेऊन. घरी दवाखाना सांगून आल्या होत्या. तीन आठवडे आल्या.

चौथ्या आठवड्यात खाली जीप थांबली. चपला जिन्यावर वाजल्या. वहिनींनी तोंडात पदर धरला. मी दारात गेले. चौकट धरून उभी राहिले.

"पोरीला भायेर काढ," आबा म्हणाले.

"ती शिकतीय. बाराला सुटंल. आईसंगं येईल. बसायचं तर खाली बाकडं आहे."

"कुणाम्होरं बोलतीस, कळतंय का?"

"कळतंय."

मी दार लावलं. कडी घालताना दोनदा हुकली. आबांनी दारावर थाप मारली. एक, मग दुसरी. तनू कान दाबून कोपऱ्यात सरकली. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिला हात न लावता. बारा वाजेपर्यंत दार उघडलं नाही.

मला भीती वाटत होती. आजही वाटते. शिकवायला नव्या घराची पायरी चढताना तर जास्तच. ती जाण्याची वाट मी बघणार नाही. घाबरतच जाईन, पण आत शिरायच्या आधी उंबऱ्यावर उभी राहून विचारीन, "पोराला कुठं बांधता? ते आधी दाखवा. पोर सुटल्याशिवाय मी धडा सुरू करणार नाही."