शेंदरात उभे केलेले राऊंड

रिटायर होऊन पिंपरी पेंढारला आलो तेव्हापासून दसऱ्याच्या आसपास कोणी ना कोणी दारात येतो. परवान्याचं रिव्हॉल्व्हर आणि रुमालात बांधलेली काडतुसं. "फौजी, जरा चकचकीत करून द्या की." मी आधी हत्यार रिकामं करायला लावतो, मग सांगतो. काडतूस कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, एकेक करून. तेल नाही, पाणी नाही, पितळेची पॉलिश नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. बुडाशी मधोमध छोटी टिकली असते, ती प्रायमर. पिन तिच्यावर आपटते तेव्हा गोळी सुटते. तिथे तेल मुरलं की काडतूस मेलं. हिरवट पडलेलं, चेपलेलं काडतूस घासत बसायचं नाही, जमा करायचं. लोक म्हणतात, फौजी उगाच खेकसतो. खेकसतो, खरं आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी काश्मीरमध्ये डोंगरात होती. मी नाईक, कोत एनसीओ. कोत म्हणजे हत्यारांची खोली, तिचा ताबा माझ्याकडे. किसन शिनोलीचा, माझ्याच भरतीचा, तोही नाईक. सर्चच्या वेळी घरात पहिला शिरणारा माणूस तो. अरुंद जागेत रायफल वळत नाही म्हणून त्याच्याकडे नाइन एमएम पिस्तूल असायचं. रोज संध्याकाळी तो ते खोलून साफ करायचा. ड्यूटी असो, ताप असो, चुकायचा नाही. मी चिडवायचो, "एवढं बायकोला तरी जपतोस का?"

"बायकू रुसली तर समजूत काढता येती, राव. ह्ये रुसलं तर काय करू?"

आमचे सुभेदार साहेब जुन्नर तालुक्यातलेच. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं शाळेत जातात. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. ते दुसऱ्यानं द्यायचं असलं की खरंच नसतं. नवरात्रात कोतच्या कोपऱ्यात देवी बसायची. शस्त्रपूजेला हत्यारं मांडायची ही रीत, आणि पूजेत अ‍ॅम्युनिशन, म्हणजे दारूगोळा, ठेवायचं नाही हा नियम. त्या वर्षी दसऱ्याला सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, येणार होते. सुभेदार साहेबांना घटस्थापनेलाच पितळी राऊंडचा, म्हणजे काडतुसांचा, त्रिशूळ मांडायची लहर आली. राऊंड ताटात उभे राहीनात. तेव्हा त्यांनी तेलात शेंदूर कालवून ताटात जाड थर दिला आणि पिस्तुलाचे राऊंड बुडाकडून त्यात एकेक रोवले.

मी म्हणालो, "साहेब, प्रायमर तेलात बसतोय."

"देवीसमोर बसतोय. हात जोड."

नऊ दिवस त्रिशूळ तसाच उभा. सीओ साहेब आले, "शाबाश" म्हणाले, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी राऊंड वरवर पुसून झाले. शेंदूर निघाला, पितळ आरशासारखं लखलखलं. मी अटेन्शनमध्ये उभा राहून सांगितलं, "साहेब, हे राऊंड जमा करून नवे मागवा." ते भडकले. "प्रसाद कोणी परत करतं का रे? सगळ्यात पुढे जाणाऱ्याला द्यायचा." त्यांनी स्वतःच्या हातानं किसनचं मॅगझिन भरलं. किसननं ते कपाळाला लावलं. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, बदलून देतो. तो म्हणाला, "साहेब रोज मॅगझिन बघत्यात, चमक गेली तर वळखतील. आपल्याकडचं मानूस हाय, कशाला मन मोडायचं?"

दिवाळीनंतर एका पहाटे एका गावाला कॉर्डन, म्हणजे वेढा, लावला. उजाडल्यावर सर्च सुरू झाला. एका घरात लाकडी फळ्यांखाली तळघराचं तोंड सापडलं. वायरलेस सेटवर बोलणं झालं.

"चार्ली वन, खाली कोणी आहे का? ओव्हर."

"दिसत नाही. एक जवान उतरतोय. ओव्हर."

"ओके. आउट."

किसन टॉर्च आणि पिस्तूल घेऊन उतरला. मी वर, तळघराच्या तोंडाशी. खाली कोणीतरी हललं. मग पिन आपटल्याचा आवाज आला. नुसता खट्. त्यानं स्लाइड ओढली, राऊंड बाहेर पडून फरशीवर वाजला. पुन्हा खट्. पुढचा आवाज एके-४७चा होता.

किसन गेला हे वरून दिसलं, मग ग्रेनेड टाकून आम्ही खाली लपलेला अतिरेकी मारला. किसनला वर ओढून काढलं तेव्हा पिस्तूल त्याच्या मुठीतच होतं. मी बोटं सोडवली. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही.

चौकशी बसली. मी शेंदराचं ताट सांगितलं. सुभेदार साहेब म्हणाले, पूजेत अ‍ॅम्युनिशन नव्हतंच. फोटो कोणाला सापडला नाही. जवानांना विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. देवीचं नाव चौकशीत कसं घ्यायचं? ताट केव्हाच घासून ठेवलं होतं. मी पुन्हा बोलायला लागलो तर चौकशी अधिकाऱ्यांचं उत्तर आलं, "जेवढं विचारलं तेवढंच सांगा." निष्कर्ष निघाला की जवानानं हत्यार आणि राऊंड नीट साफ ठेवले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि इथे संन्यासी आधीच मेलेला होता, अपील करायला येणार नव्हता.

सुभेदार साहेब सुट्टीवर आले तेव्हा शिनोलीला किसनच्या घरी भेटायला गेले आणि अंगणात सगळ्यांसमोर हेच बोलून आले. गावाला तेवढं पुरलं. किसन शूर होता पण गबाळा होता, असं घोडेगावच्या बाजारापर्यंत झालं.

मी रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एसटीनं शिनोलीला गेलो. किसनची बायको हिराबाई शेतातून आली, हातपाय धुऊन समोर बसली. मी सगळं सांगितलं.

"भाऊ, त्यांनी मला कदी सोताची कापडं धुऊ दिली न्हाईत," ती म्हणाली. "म्हनायचे, तुला नीट जमत न्हाई. आन त्या मानसाचं पिस्तूल घान व्हतं म्हनत्यात. त्ये गेले तवाबी मला रडायला आलं नाय इतकं, जितकं ह्ये ऐकून आलं."

त्याच हिवाळ्यात, सव्वीस जानेवारीला, गावात किसनच्या नावाच्या चबुतऱ्याचं उद्घाटन ठरलं. पाहुणे म्हणून सुभेदार साहेब, आता ऑनररी कॅप्टन. फेटा, हार, छातीवर मेडल. वीरपत्नीचा सत्कार म्हणून ते साडी आणि नारळ घेऊन पुढे झाले. हिराबाईनं हात पुढे केले नाहीत. माइक जवळच होता.

"तुमी राऊंड तेलात ठिवले. माझ्या मालकानं नाय."

साहेबांचा चेहरा उतरला. मी पहिल्या रांगेतून उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ती खरं सांगतेय. कोतची किल्ली माझ्याकडे होती." दोनेक माणसं वळून बघायला लागली, तेवढ्यात सरपंचांनी माइक काढून घेतला. म्हणाले, "वहिनींना दुःख आवरत नाही, आपण समजून घेऊ." टाळ्या वाजल्या. साहेबांनी रिबन कापली. मग लाउडस्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं आणि बुंदी वाटायला सुरुवात झाली.

सगळे गेल्यावर हिराबाई चबुतऱ्यापाशी आली आणि पदरानं अक्षरांवरचा गुलाल पुसू लागली. "भाऊ, तुमी फौजेत साहेबाला हत्यार दावताना सांगायचा तसं सांगा," ती म्हणाली. "एकदा ऐकू द्या मला."

मी टाचा जुळवल्या. इन्स्पेक्शनला देतात तसा मोठ्यानं रिपोर्ट दिला. ऐकायला ती आणि तो दगड, दोघंच होते.

"नाईक किसन, शिनोली. हत्यार साफ, श्रीमान."