चार नंबरचं ठिगळ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे हातोडीबाई म्हणत. सळया गंजून फुटलेल्या काँक्रीटची दुरुस्ती करायला बाजारात नवेनवे मसाले येतात आणि जो तो आपलाच मसाला खरा म्हणून छाती ठोकून सांगतो. छाती त्यांनी ठोकावी. ठिगळं ठोकून बघायचं काम बाईंचं. दुरुस्त केलेले ठोकळे मिठाच्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, पुन्हा भिजवायचे आणि महिन्यातून एकदा हातोडीने वाजवायचे. टण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आत गंज फुगून ठिगळ सुटलंय असं समजायचं. तेवीस वर्षांत कान इतका तयार झाला होता, की नवरा दार कसं लावतो त्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते त्यांना कळे.

नवरा त्याच प्रयोगशाळेत गवंडी, म्हणून सगळ्यांचे गवंडीबुवा. सध्या तपासणीत असलेल्या पाच मसाल्यांची पाचही ठिगळं चार वर्षांपूर्वी त्यांनीच भरलेली. "माझं काम नातवंडं बघतील," ही त्यांची नेहमीची टिमकी. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते घरीच होते आणि टिमकीला जोर आणखीच चढला होता.

सोमवारी चार नंबर भद्द वाजलं. बाईंनी तीनदा ठोकून पाहिलं.

"चार नंबरचा मसाला बाद," जेवताना त्या म्हणाल्या. "उद्या अहवालात लिहिते."

गवंडीबुवांचा घास हातातच राहिला. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"अगं, मसाल्याला बोल लावू नकोस. ठिगळ भरण्याआधी गंज काढायला सळई नुसती पुढून घासली मी. मागे बोटं जाईनात. म्हटलं, कोण बघतंय!"

"आणि चार वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

बाईंना संताप आला. पण निर्दोष मसाला वाचला, तोही या माणसाच्या कबुलीमुळे, याचा अभिमानही वाटला. त्यांनी नवऱ्याच्या पानात आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी गवंडीबुवा स्वतः प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे उभे राहिले. ठिगळ फोडलं. सळई पुढून चकचकीत, मागून गंजाचे पापुद्रे.

"मसाला पुन्हा तपासावा लागेल," साहेब म्हणाले. "नव्याने चार वर्षं."

गवंडीबुवा बाह्या सरसावत खाली बसले. गुडघे कुरकुरले.

"लागू देत की. मला कुठे जायचंय?" म्हणाले, आणि सळईच्या मागच्या बाजूपासून घासायला लागले.