गणिताच्या एका जागेची चर्चा

गुलमंडीच्या बाजारामागच्या शाळेत रत्नमाला खरात नऊ वर्षं गणित शिकवत होत्या, तेही तासावर. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नुसता खडूचा खकाणा. शाळेत शिक्षक एकतीस. त्यातल्या बहुतेकांचे आजोबा एकाच पंगतीला जेवलेले. मुलं मात्र साऱ्या शहरातून यायची. शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची, कापड दुकानदारांची, घरी दखनी बोलणारी. रत्नमालाबाईंनी "समजलं का नाय?" विचारलं की मुलांना धीर यायचा.

यंदा गणिताची एक कायम जागा निघाली. सरकारी पोर्टलवरून तीन उमेदवारांची यादी आली, त्यात बाईंचं नाव होतं. जागा मिळाली तर कायम. दुसऱ्याला मिळाली तर हातातले तासही त्याचेच, आणि बाई घरी. आई केसरबाईंनी सकाळी फोनवर एवढंच सांगितलं, "भिऊ नको, पोरी. चुकलं तर फळा पुसता येतो."

निवडीसाठीच्या नमुना पाठाआधी संस्थेच्या कार्यकारिणीत चर्चा पेटली. अध्यक्ष केशवराव तसे सज्जन. मुंगीला वाट देतील, पण वादात हत्तीलाही अडवतील. त्यांचं म्हणणं, शिक्षक सगळ्या समाजांतले हवेत हे मान्य, पण राखीव जागा म्हटली की गुणवत्तेचं काय? तेही गणितात? मुख्याध्यापिका यमुनाबाईंनी विचारलं की मुलांना आपल्या गल्लीतलं माणूस फळ्यासमोर दिसलं तर बिघडतं काय? एका सदस्यानं दोघांचंही बरोबर असल्याचं सांगून कचोरी उचलली. तासभर हेच. बाहेर बाकावर बसलेल्या रत्नमालाबाईंना सगळं ऐकू येत होतं. खोलीला दार होतं, चर्चेला नव्हतं.

नमुना पाठाला कार्यकारिणीनं शेवटच्या बाकांवर बसायचं, हा इथला रिवाज. गुडघे पोटाशी घेऊन मंडळी बसली. पहिल्या दोघांनी छान शिकवलं. एकाचं अक्षर तर छापल्यासारखं.

रत्नमालाबाईंनी फळ्यावर दौलताबादचा मिनार काढला. उंची मोजायचीय, पण वर चढायला बंदी. कसं करायचं? ओवी नावाची मुलगी म्हणाली, वरून टेप सोडू. "वर कोण जाईल? तुझी बाई?" वर्ग खिदळला. मग बाईंनी पंचेचाळीस अंशाचा गुण्या डोळ्याशी धरला. तिरप्या कडेवर मिनाराचं टोक येईपर्यंत मागं सरकायचं, आणि पायथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. तेवढाच मिनार.

शेवटच्या बाकावर एक हात वर झाला. केशवराव उभे. "बाई, पण आपल्या डोळ्यांची उंची?"

"शाब्बास. ती वर मिळवायची. बसा."

केशवराव बसले, उजळून. गणितात त्यांना शाब्बासकी मिळायला सदुसष्ट वर्षं लागली होती.

खोलीत परतले ते मोठ्या मनानं. "घेऊन टाका बाईंना. राखीव तर राखीव. माझी हरकत नाही."

यमुनाबाईंनी कचोरीची ताटली उचलली. खाली यादी होती, तेलानं आरपार दिसू लागलेली. "साहेब, जागा खुली आहे. परीक्षेच्या गुणांत यादीत पहिल्या त्याच. आणि पाठाचे सर्वांत जास्त गुण आत्ता तुम्हीच दिलेत."

यादी कुणी वाचलीच नव्हती. आडनाव वाचलं होतं, तेवढ्यावर भागलं होतं.

"मग राखीव जागा?"

"ती विज्ञानाची. पुढच्या महिन्यात."

आधी हसले ते केशवरावच, आणि स्वतःलाच. मग दारापर्यंत स्वतः आले. "बाई, तासभर आम्ही भलत्याच जागेवर भांडलो. तुम्ही ऐकत होतात. आत येऊन सांगायचं नाही का?"

"उत्तर पुस्तकाच्या मागं असतंच की, सर," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पण आधी ज्याचं त्यानं सोडवावं, असं मी वर्गात सांगते."

निवडीच्या कागदावर त्यांनी ठसठशीत सही केली आणि दहावी ब कडे निघाल्या. बातमी खिडकीतून आधीच पोचली होती. पोरांनी बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली. नऊ वर्षं तासातलं मिनिट न सोडणाऱ्या बाई हाताची घडी घालून दारातच उभ्या राहिल्या, आणि पाच मिनिटं खुशाल जाऊ दिली.