दुमडलेली कार्डं

आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी बावीस वर्षं उंदरांचे पिंजरे धुतायत. भुसा बदलायचा, पाणी भरायचं, आम्ही कर्करोगाच्या गाठी मोजताना उंदीर धरून द्यायचा. त्यांची एक खोड आहे. पिंजऱ्यात मादी असली की बाहेरच्या कार्डाचा कोपरा दुमडतात. "उघडायच्या आधी कळायला नको का, आत कोण आहे ते?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना माद्या नकोच असायच्या. म्हणे, "त्यांच्या शरीराची रोज नवी नाटकं, आकडे बिघडतात." या खेपेला नर कमी पडले म्हणून नाइलाजाने माद्या घेतल्या, पण नोंदीत नर की मादी लिहायचंच नाही असं ठरलं. आतड्याच्या गाठीला साखर मिळू द्यायची नाही, असं एक औषध आम्ही तपासत होतो. चार महिने राबलो आणि सरासरी काढली तर हातात भोपळा! सर म्हणाले, फाइल बंद करा.

मावशी भुशाचं पोतं ओढत होत्या. "अहो, दुमडलेली कार्डं वेगळी काढून बघा की. पोरांच्या गाठी आटल्या, माझ्या पोरींच्या वाढतायत. महिनाभर कंठशोष करतेय, ऐकतंय कोण?"

काढून बघितलं. आंधळ्यालाही दिसेल इतका फरक. माद्यांच्या गाठी साखरेवाचून दुसऱ्याच कशावर तरी पोसत होत्या. सर म्हणाले, "मला शंका होतीच." होती म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मावशी पोत्यावर मटकन बसल्या. वर्षभर हेच चाललंय, रक्त कमी, दम लागतो. दवाखान्यात सांगितलं, "बायकांना होतंच," आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईला! आतड्यातून रक्त जातंय का, ते कुणी बघितलं नाही. मीही नाही, आणि मी पगार घेते तो आतड्याच्या गाठी मोजण्याचा.

भांडून तपासणी करून घेतली. आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली, चांगली लिंबाएवढी.

डॉक्टरांनी गाठीवरचं नेहमीचं औषध लिहिलं. मी विचारलं, "हे बायकांना किती लागू पडतं?"

"सगळ्यांना सारखंच देतो आम्ही."

"सारखंच लागू पडतं का, ते विचारतेय."

मावशींनी टेबलावरचा स्वतःचा केसपेपर ओढून घेतला, त्याचा कोपरा नीट दुमडला आणि डॉक्टरांसमोर परत ठेवला.