जास्तीचं हृदय

जॅकेटवर तीन हृदयं होती. असायला हवं होतं एकच.

सानिकानं ते पिशवीतून काढलं, झटकलं आणि उलटसुलट पाहिलं. सकाळचे नऊ वाजले होते. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आमचा कपड्यांचा तंबू होता. बाहेर बारा उंदीर चहा पीत होते. मी कौतुकाची वाट पाहत उभी होते.

"आजी, हे काय आहे?"

"रफू," मी म्हटलं. "उजव्या खांद्यावरचा शोधून दाखव. नाही सापडायचा तुले."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगाले कायले लागते? फाटलं होतं."

सानिका तिथल्या पेटीवर मटकन बसली.

आता थोडं मागून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उंदरांना चहा पाजून राहिली.

मी चाळीस वर्षं नाटकांचे ड्रेस शिवले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. आज राजा, उद्या इन्स्पेक्टर, परवा नवरी. पेट्या टेम्पोत टाकायच्या आणि पुढच्या गावाला जायचं. या धंद्यात आमचा एक नियम होता. फाटका ड्रेस पेटीत ठेवायचा नाही. उतरवला की पाहायचा, उसवलं असेल तर शिवायचं, मळला असेल तर धुवायचा, मगच झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी पडदा वर गेल्यावर कोणाच्या पाठीला भोक निघालं, तर लोक नटाला हसत नाहीत, ड्रेसवालीला हसतात.

असं सगळं अंगात मुरलेलं असताना गोंदियात सिनेमावाले आले. सिनेमा मारामारीचा आणि विनोदी. राइस मिलमधला एक हमाल मोबाइलवरच्या गेममध्ये ओढला जातो. तिथं मिलमधले उंदीर माणसाएवढे झालेले असतात. हमालाला तीन जीव मिळतात. त्याच्या निळ्या जॅकेटवर छातीशी तीन लाल हृदयं. एक जीव गेला की एक हृदय उपटलं जातं. एवढी गोष्ट मला नात प्राचीनं समजावली. मला उंदीर तेवढे समजले होते, कारण ते मीच शिवले होते. मिशा खराट्याच्या काड्यांच्या. शेपटीत मोटरपंपाचा जुना पाइप. आत दंडारीत नाचणारी आपल्याच भागातली माणसं.

सिनेमात एक शब्द फार चालतो, कंटिन्युइटी. म्हणजे काल जिथं थांबलो, आज तिथूनच सुरू झालं असं दिसायला हवं. काल कॉलर वाकडी होती तर आजही वाकडीच. म्हणून एकाच जॅकेटच्या पाच-सहा प्रती करतात. कोरी, थोडी मळलेली, पार फाटलेली. ती फाटकी मुद्दाम बनवतात. किसणीनं घासतात, ब्लेडनं धागे काढतात, चहाच्या पाण्यात बुडवतात. या कामाला एजिंग म्हणतात. सिनेमाचे कपडे सांभाळायला मुंबईहून आलेल्या सानिकाला एका जॅकेटच्या एजिंगला तीन दिवस लागले होते.

ते तीन दिवस मी एका दुपारीत पुसून टाकले. आदल्या दिवशी शूटिंग लवकर सुटलं. जॅकेटची पिशवी माझ्याजवळ होती. कुडव्याला घरी आले आणि सवयीनं पिशवी उघडून पाहिली. छातीवरची दोन हृदयं गायब, कोपराला भोक, खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेलं. मला वाटलं, काय ही मुंबईची पोरं, हीरोला असं हिंडवतात! सोड्यात धुतलं, उन्हात वाळवलं, लोंबणारे धागे कापले, रफू केला. डब्यात लाल फेल्टचे तुकडे होते, त्यातून दोन हृदयं कापून लावली. प्राची कॉलेजात होती. ती घरी असती तर हात धरला असता माझा.

तेव्हा माझं वय फक्त बासष्ट. कोवळंच म्हणायचं. त्या बाईला वाटायचं, जगात जे जे फाटलेलं आहे ते तिचीच वाट पाहत आहे.

"दुसरी प्रत असेल ना वं?" मी सानिकाला विचारलं.

"होती. ती परवा स्टंटवाल्याच्या अंगावर जळाली. हीच एक उरली होती." ती जॅकेटाकडेच पाहत होती. "आणि हीरो संध्याकाळी नागपूरहून विमानानं जाणार. पुन्हा येणार नाही."

तेवढ्यात डायरेक्टर आत आला. चांगला माणूस होता, पण आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. सानिकाच्या हातून आधी दोन चुका झाल्या होत्या. एकदा टोपी बदलली होती, एकदा उंदराची शेपूट शॉटमध्येच गळाली होती. त्यातली शेपटीची माझीच, पण ती सानिकानं अंगावर घेतली होती. त्यानं तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, अजून एक चूक झाली की मुंबईचं तिकीट.

"ये तो नया है. कल वाला कहाँ है?"

"सर, यही है."

त्यानं जॅकेट हातात घेतलं. खांदा पाहिला, पाठ पाहिली, शिवण शोधली. सापडली नाही. इतक्या वाईट वेळीही मला बरं वाटलं, हे कबूल करते.

"किसने किया?"

"माझी चूक, सर," सानिका म्हणाली. "मेरी जिम्मेदारी थी."

"नाही साहेब," मी मध्ये घुसले. "गलती मेरी है. लडकी का कुछ नहीं. अभी कैंची लाओ, मैं फाडके देती."

पुढचा दीड तास आम्ही जॅकेट फाडलं. शिवायला लागला त्याहून जास्त घाम गळला. सानिका मोबाइलवर कालचे फोटो दाखवायची आणि मी कैची चालवायची. पाळीखालचा चिखल आणून फासला. मग हीरोला घालून कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि टीव्हीच्या पडद्यावर कालचा शॉट शेजारी लावला.

काल तो उंदरांनी ओरबाडलेला वाटत होता. आज शिंप्याकडून पळून आलेला. कैचीची कापलेली कड सरळ येते, झटापटीत फाटलेली कड पिंजते. पिंजलेले सगळे धागे तर मीच कापून टाकले होते.

"पॅक-अप कर लो, सानिका," डायरेक्टर म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला.

सानिका पेटी भरायला लागली. फाटके कपडे तसेच आत टाकत होती. ते बघवेना, पण या वेळी मी हात मागे बांधून ठेवले.

आणि मला भिकारी आठवला.

मी चोवीस वर्षांची होते. धंद्यात दुसरंच वर्ष. भिकाऱ्याचा ड्रेस मळलेला दिसला म्हणून मी धुतला, खळ घातली आणि कडक इस्त्री केली. नाटक सुरू झाल्यावर कळलं. भिकारी कटोरा घेऊन आला तो पायजम्याच्या धारदार इस्त्रीसकट. लोक हसायला लागले. नट जुना होता. त्यानं स्वतःच्या पायजम्याकडे खाली पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "हसता कायले? भिकारी हाव, पन घरची बाई कडक आहे!" त्या गावानं त्या वाक्याला वन्स मोअर दिला. पुढं प्रत्येक गावात मला भिकाऱ्याला इस्त्री करून द्यावी लागली. त्या पोरीला वाटलं, तिचं कौतुक झालं. म्हणूनच तर ती अडतीस वर्षांनी पुन्हा तेच करून बसली.

डायरेक्टर निघाला होता. मी त्याच्या मागं पाळीवरून चालत माझ्या हिंदीत हे सगळं सांगितलं. तो थांबेना, मीही थांबेना.

"साहेब, हमारे नाटक में गलती हुई तो छुपाते नहीं. उसके उपर डायलॉग मारते. कल फटा था, आज सिया हुआ है. तो किसीने सिया होगा ना?"

तो थांबला.

"किसने सिया होगा?"

"मैंने."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग परत माझ्याकडे, पण या वेळी माझ्या लुगड्याकडे, चष्म्याकडे, कमरेच्या चंचीकडे.

"हर गेम में एक बूढ़ी औरत होती है," तो हळू म्हणाला. "रास्ते में बैठी रहती है. हीरो को कुछ देती है."

"हर गाँव में भी होती है," मी म्हटलं.

दहा मिनिटांत मला पाळीवरच्या दगडावर बसवलं. दोन्ही बाजूंनी बारा उंदीर दबा धरून. कालचा जखमी हीरो धडपडत माझ्यापर्यंत येतो, असं दाखवायला त्याला समोरून छातीपर्यंतच धरलं आणि कापलेल्या कडा दिसू नयेत म्हणून अंगावर एक गोणपाट टाकलं. मी गोणपाट बाजूला करते, सुई काढते, शिवते. पुढच्या शॉटला जॅकेट नीट. मी फाडलेलं सगळं सानिकानं आणि मी पुन्हा शिवलं, घाईचे मोठे टाके घालून. डायरेक्टर म्हणाला, टाके दिसू देत. चाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हृदयांवर मात्र वाद झाला. मला तीनही हवी होती. तो म्हणाला, तीन जीव असलेल्या माणसाची कोणाला काळजी वाटणार? एकच हवं. शेवटी दोनवर मिटलं. त्याचं एक उरलेलं आणि एक माझं जास्तीचं.

मला एक लांबलचक वाक्य पाठ करायला दिलं होतं. धैर्य, नियती असलं काहीतरी. पहिल्या टेकला विसरले. दुसऱ्या टेकला सुई खरोखर हीरोच्या छातीत गेली. तो कळवळला आणि मी सवयीनं बोलले, "हालू नोको! किती फाडशील बापा?"

तोच टेक सिनेमात आहे. तो कळवळला आहे तोही खरा. अभिनय म्हणून त्याला त्या एका शॉटसाठी लोकांनी नावाजलं.

चारच्या सुमारास काम संपलं. डायरेक्टर सानिकाला एवढंच म्हणाला, "कल सुबह सात बजे." म्हणजे तिकीट रद्द. तिनं माझा हात इतका दाबला की सुई धरायचं बोट दोन दिवस दुखलं.

सिनेमा लागला तेव्हा प्राचीनं मला नेलं. मी दगडावर दिसले आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आता ती मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवते, पडद्यामागच्या तुम्हाला ठाऊक नसलेल्या गोष्टी. एक मुलगा फार गंभीर चेहऱ्यानं सांगतो की म्हाताऱ्या बाईचा प्रसंग लिहायला डायरेक्टरला खूप महिने लागले, आणि ते मोठे टाके म्हणजे माणसाच्या जखमांचं प्रतीक आहे.

"आज्जी, खाली लिहू का खरं?" प्राची विचारते.

"राहू दे. पोरगं मेहनत करून राहिलं."

सानिका आता दुसऱ्या सिनेमांवर असते. काम पाठवते. परवाच पार्सल आलं, चार कोरे शर्ट, सोबत फोटो. फाडून पाठवायचे होते. मी किसणी घेतली, ब्लेड घेतलं, फोटो समोर ठेवला आणि अगदी तसे फाडले. मग ते खुर्चीवर वाळत टाकले आणि समोर बसले.

अर्ध्या तासानं मी प्राचीला हाक मारली आणि पार्सल जाईपर्यंत सुईचा डबा तिच्या कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगितला. किल्ली कुठं ठेवली, हे तिनं मला सांगितलेलं नाही.