मेहुण्यांच्या बोटांवरच्या बारा नसा

माणसाच्या तोंडाकडे आमच्या थोरल्या मेहुण्यांइतकं निरखून पाहणारा माणूस उभ्या नागपुरात नसेल, आणि त्या तोंडातून काय बाहेर पडतंय याकडे इतकं दुर्लक्ष करणाराही नसेल. तुम्ही मुलाच्या नोकरीची बातमी सांगत असता आणि ते बघत असतात, हसताना तुमच्या ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर जातात की नाही. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. हातमाग बंद पडला तेव्हा ते नागपुरात आले आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदन विभागात मदतनीस म्हणून लागले. तुटलेला धागा हुडकून सांधण्यात त्यांच्या बोटांचं लहानपण गेलेलं. केसासारखी नस न तोडता मोकळी करावी ती त्यांनीच. शिकवणारे डॉक्टर बदलत गेले, मेहुणे निवृत्तीपर्यंत तिथंच राहिले.

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. इच्छा नसताना कळलं. आपण अंगठ्यानं चार बोटांची बारा पेरं मोजतो, तशा ते त्या मोजत. करंगळीचं पहिलं पेर वासाची नस, दुसरं नजरेची, असं करत तर्जनीच्या शेवटच्या पेरावर जिभेची बारावी. दहावीवर त्यांचा विशेष लोभ, कारण ती डोक्यातून निघून गळा, काळीज करत पार पोटापर्यंत हिंडून येते. आमच्या एका आत्याबाईंना ते खाजगीत दहावीच म्हणत. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी जीभ काढून दाखवावी लागे. ती सरळ बाहेर आली तरच कप पुढे सरके. बायकोनं कोथिंबिरीची सांबारवडी तळली की ते डोळे मिटून, एकेक नाकपुडी बंद करून वास घेत, मग मलाही घ्यायला लावत. तोवर वडी गार होई. एका लग्नात वराच्या वडिलांचं तोंड सकाळपासून वाकडं होतं. ते मानपानावरून रुसलेत असं समजून वधूपक्ष त्यांच्या पाया पडत होता. मेहुण्यांनी भर पंगतीत त्यांना डोळे मिटायला लावलं. उजवा मिटेना. "सातवी गेली," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. मोठा गहजब झाला, पण कोणी तेल चोळायला बसण्याआधी त्यांनी त्या गृहस्थांना दवाखान्यात नेलं आणि दोन महिन्यांत तोंड जाग्यावर आलं.

अशा माणसाचं मी ऐकायला हवं होतं. पण मी शाळेत मराठी शिकवतो. ऐकण्याची सवय मुलांना लावता लावता माझी स्वतःची मोडली आहे. एके दिवशी दात घासताना उजव्या गालात अशी कळ गेली की ब्रश हातातून पडला. मग दाढी करताना, घास चावताना, पुढेपुढे पंख्याचा वारा लागला तरी. मेहुण्यांनी माझं तोंड पाहिलं, अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "जवाईबापू, दात काई नाई करून राहिला. पाचवी नस हाय. दात काढू नोका." मी म्हणालो, तुम्ही मेलेल्यांचे जाणकार, मी अजून जिवंत आहे. या वाक्यावर मी आठवडाभर खूश होतो. त्या खुशीतच दाढ काढून घेतली. कळ तशीच. मग तिच्या शेजारची काढून घेतली. दुसरी दाढ मेहुण्यांनी उन्हात धरून फिरवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "चांगली होती बिचारी."

शेवटी नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही पाचवीच सांगितली, फक्त फी घेऊन. गोळ्यांनी काही महिने बरे गेले. मग गोळ्या वाढल्या, आणि मला वर्गात फळ्यावर एका ओळीच्या दोन ओळी दिसू लागल्या. बोलता येईना, वरणभातही गिळताना रडू येई. डॉक्टर म्हणाले, एक रक्तवाहिनी त्या नसेवर टेकून ठोके देते आहे. कानामागे छोटं भोक पाडून दोन्हींच्या मधे गादी ठेवू. भोक हा शब्द ऐकल्यावर पुढचं मी ऐकलं नाही. आधी पितृपक्ष आला, मग सहामाही परीक्षा आल्या, मग पेपर तपासायचे होते. पितृपक्ष संपून महिना झाला तरी मी तोच सांगत होतो. भित्रेपणाला इतकी कारणं सुचतात, हे मला पन्नाशीत समजलं.

मेहुणे एका दुपारी सुताचं रीळ घेऊन आले. माझ्या दोन बोटांना धागा ताणून बांधला आणि त्यावर दुसरा घासून दाखवला. मागावर असं झालं तर आम्ही धागा कापत नाही, मधे चिंधी ठेवतो, म्हणाले. मी विचारलं, तुम्ही इतक्या कवट्या पाहिल्यात, मी वाचेन ना? त्यांनी माझ्या बोटांवरचा धागा सोडवला.

"मले मेलेल्याईच्या नसा मालूम हायेत. दुखते का, हे त्याईले कधी इचारता आलं नाई. तुमाले इचारून राहिलो. दुखते ना?"

मी लहान पोरासारखा रडलो. दुसऱ्याच दिवशी तारीख घेतली.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आलो आणि गालात कळ नव्हती. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे कृतज्ञतेनं बघत होतो. चौथ्या दिवशी मेहुणे कापसाची वात घेऊन आले. डोळे मिटायला लावले. लागते? हो. लागते? हो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक वेळी मी हो म्हणत गेलो. डोळे उघडले तर कापूस त्यांच्या मांडीवर होता. शेवटच्या दोन वेळा त्यांनी हात लावलाच नव्हता. मग त्यांनी पुन्हा, हळूहळू, शोधून काढलं. नाकाशेजारी रुपयाएवढी जागा बधिर झाली होती.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आत आली. भावाचा चेहरा पाहून दारातच थांबली आणि विचारलं, "दादा, सगळं ठीक हाय ना?" भर पंगतीत लोकांच्या नसा जाहीर करणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी कापूस मुठीत लपवला. मग म्हणाले, "बाराच्या बारा ठीक हायेत वं. त्याईले जेवू दे."

ती जागा अजून तशीच आहे आणि आम्हा दोघांशिवाय ती कोणाला ठाऊक नाही. मेहुणे आता थकले आहेत. आले की निघताना तिथं बोट टेकवतात आणि हलक्या आवाजात विचारतात, लागते? मी नाही म्हणतो. त्यांच्याशी आता खोटं बोलत नाही. फक्त अलीकडे ते बोट गालाकडे येताना फार थरथरतं. मला ते दिसतं, आणि बाकी कोणाचं लक्ष जाण्याआधी मी त्यांचा हात माझ्या हातात धरून ठेवतो.