पहिलं बोंड

सदाशिव गेल्याची बातमी मला अकोल्यात, शाळेच्या वर्गात कळली. दसरा चार दिवसांवर आला होता आणि मी तिसरीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होतो. टपालवाल्याने दारातूनच पत्र दिलं. त्याच्या गावच्या कुलकर्ण्याचं अक्षर, दोनच ओळी. पंतोजी तापाने वारले, पुस्तकांचं गाठोडं शाळेत ठेवलं आहे. मी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि पुढचं वाक्य सांगितलं. काही वेळाने पुढच्या रांगेतला एक मुलगा चाचरत म्हणाला, "मास्तर, हेच वाक्य तुमी तिसऱ्यांदा सांगून राहिले." तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसलो...

मित्राच्या मागे त्याची स्तुती लिहिण्याची रीत आहे, पण मी या लेखाला बसलो ते त्यासाठी नाही. गेल्या महिन्याभरात पुण्याहून दोघातिघांची पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच, की बिचारा चांगला माणूस, पण वऱ्हाडात जाऊन डोकं फिरलं, बायकांच्या ओळीत उभा राहून कापूस वेचायचा म्हणे. त्या गावातही सदाशिवच्या नावावर एक चूक लागलेली होती. पूजेच्या आधी शेतातलं पहिलं बोंड पंतोजींनी तोडलं, असं गाव इतकी वर्षं मानत आलं. ते त्याने तोडलं नव्हतं, मी तोडलं होतं. हे दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक आता राहिला नाही. मी बोललो नसतो तर ती चूक त्याच्या नावावर कायमची राहिली असती.

आम्ही दोघे पुण्याच्या ट्रेनिंग शाळेतले. नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा घरी रडारड झाली, कारण वऱ्हाड म्हणजे आमच्या लोकांना परमुलूखच. कालपरवापर्यंत निजामाचा होता, आता साहेबाचा झाला, एवढीच आम्हाला माहिती. आगगाडी होती तिथपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आम्ही उमरावतीला पोहोचलो. मला तिथल्या मोठ्या शाळेत नेमलं आणि सदाशिवला बडनेऱ्याकडच्या रस्त्यावर, दोन कोसांवरच्या एका गावात. एक पडवी, एक फळा आणि तीस मुलं, अशी ती शाळा. त्याची आई वाईला एकटी होती आणि तिची दृष्टी अधू होत चालली होती. "दोन वर्षं काढतो, मग बदली मागून आईपाशी," असं तो पहिल्या दिवसापासून म्हणे. त्याला दुसरं काही नको होतं.

पहिले काही महिने आम्हाला मुलांची भाषा कळेना आणि मुलांना आमची. "उद्या शाळेत का येणार नाहीस?" असं विचारलं की पोर म्हणे, "मले काम हाये जी," आणि खरंच येत नसे. पुण्याच्या कानाला ते उद्धट वाटायचं. सदाशिव मात्र महिन्याभरातच घरात ऐकल्यासारखा ते ऐकू लागला, आणि वर्षभरात तर बोलूही लागला. मी नाक मुरडलं की मुद्दाम म्हणायचा, "काहून राग येते तुले?"

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी त्याच्या गावी चालत जाई. त्या वाटेची आठवण मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखी येते. अमेरिकेत कुठे लढाई जुंपली होती म्हणून आमच्या इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांमागे गाड्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि गाड्यांतून उडालेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकलेला. उतरत्या उन्हात ती काटेरी झाडं पांढरी, मऊ दिसायची. धूळ उडे, खाली बसे, पुन्हा उडे, आणि त्यातून कधीतरी सदाशिवची उंच, किडकिडीत आकृती मला घ्यायला येताना दिसे. रविवारी आम्ही नुसते भटकायचो. कधी बडनेऱ्याकडे लोहमार्गाचा भराव बघायला जायचो. रूळ अजून यायचे होते, नुसता मातीचा लांबच लांब बांध क्षितिजापर्यंत गेलेला. त्यावर उभा राहून सदाशिव पश्चिमेकडे बोट दाखवी आणि म्हणे, "इथून सरळ गेलं की आई." वाऱ्यात ज्वारी सळसळायची आणि आम्ही बोरं खात परतायचो. त्या रविवारांना काही हेतू नव्हता आणि कदाचित म्हणूनच ते इतके सुखाचे होते.

अशाच एका रविवारी, कार्तिकाच्या सुरुवातीला, आम्ही गिरजामायच्या शेताच्या कडेने चाललो होतो. गिरजामाय म्हणजे गावातली मोठी कास्तकारीण. नवरा गेल्यावर काळी जमीन आणि मोठं कुटुंब तिने एकटीने सांभाळलेलं, आणि तिच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. शेतात कापसाची पऱ्हाटी नुकती फुटली होती. काठावरच्या एका झाडाला चार बोंडं अशी काही उमलली होती की माझा हात आपोआप गेला. माझी आई देवापुढच्या वातींसाठी कापूस विकत घ्यायची, आणि त्या दिवसांत पुण्यात तो इतका महाग झाला होता की ती तेलवातीतही काटकसर करू लागली होती. वऱ्हाडचा अस्सल कापूस, आईच्या वातींसाठी... मला तर ते पुण्यच वाटलं. मी चारही बोंडं वेचून उपरण्यात बांधली. सदाशिव पुढे चालत होता. वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "अरे, अजून सीतादही झाली नाही त्यांची," एवढंच तो म्हणाला.

सीतादही म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वेचणी सुरू होण्याआधी घरची बाई शेतात जाते, पऱ्हाटीखाली खडे मांडून सीतामाईची पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते आणि पहिलं बोंड आपल्या हाताने तोडते. त्याआधी कुणीही झाडाला हात लावायचा नाही, घरधन्यानेसुद्धा नाही. आम्ही बांधावरून वळत होतो तेवढ्यात गिरजामायच समोरून आली. तिची नजर थेट त्या झाडाकडे गेली.

"कोनं हात लावला पऱ्हाटीले? अजून सीतादही नाही झाली आमची!"

मी उपरणं पाठीमागे धरलं. सदाशिवने माझ्या हातातलं उपरणं काढून घेतलं आणि पुढे होऊन म्हणाला, "मी तोडलं, माय. चुकलो." परतताना मी त्याला कारण विचारलं, तर म्हणाला, "तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. तुझ्याविरुद्ध तक्रार उमरावतीला जायला वेळ लागणार नाही. माझं काय, माझीच माणसं आहेत ही, दोन दिवस ओरडतील." त्याला खरंच तसं वाटलं होतं.

पण तिसऱ्याच दिवशी अवकाळी पाऊस आला. दोन रात्री पडला आणि फुटलेला कापूस काळा पडला, नेमका त्या वर्षी, त्या भावाच्या दिवसांत. गावाने एकाशी एक जोडलं. दुसऱ्या दिवशी सदाशिवच्या शाळेत एकही मूल आलं नाही, आणि पौषात तपासणीला शाळाखात्याचे डेप्युटी यायचे होते. रिकामी शाळा दिसली असती तर ती बंद झाली असती आणि मास्तर नालायक ठरला असता. मग बदली कसली आणि आई कसली! मी म्हटलं, "मी जाऊन सांगतो खरं काय ते." हे मी म्हटलं खरं, पण चप्पल काही पायात घातली नाही. त्याने ते बघितलं आणि तोच गिरजामायकडे गेला. चुकीवर उपाय काय, असं विचारलं. तिने थोडा विचार करून सांगितलं, "ज्यानं पयले तोडलं, त्यानं आखरीलोक वेचावं." म्हणजे वेचणी संपेपर्यंत दर रविवारी पंतोजींनी तिच्या शेतात राबायचं.

आणि तो राबला. कमरेला धोतराच्या सोग्याची ओटी बांधून बायकांच्या शेजारची ओळ धरायचा. पहिल्या रविवारी बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलवटली, तेव्हा बायका पदराआड हसल्या. दुसऱ्या रविवारी एकीने वेचायची हातोटी शिकवली. तिसऱ्या रविवारी त्याचीच पोरं बघायला आली, आणि हा बोंडामागे बोंड वेचताना त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेऊ लागला. सोमवारी पडवी पुन्हा भरली. मी मात्र बांधावर निंबाच्या सावलीत पुस्तक उघडून बसायचो. "मी वेचून राहिलो अन् तू बसून राहिला!" असं तो ओळीतून ओरडायचा आणि हसायचा. त्या हसण्यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होत नसे. एकदा तरी उठावं, ओळीत शिरावं, असं दर रविवारी वाटायचं. पण उमरावतीतल्या आमच्या मंडळींनी सदाशिवला पंगतीला बोलावणं बंद केलं होतं. मी त्यांच्या पंगतीत जेवत होतो.

पौषात डेप्युटी आले. मुलं पटावर होती तेवढी हजर होती, शाळा वाचली. मात्र मास्तर शेतात बायकांबरोबर मजुरी करतो ही गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच होती. उमरावतीला परतल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमचे स्नेही ना ते? डोकं ठिकाणावर आहे ना?" तीच वेळ होती. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. मी म्हणालो, "स्वभावच जरा लहरी आहे, साहेब." त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली. सदाशिवने बदलीसाठी केलेल्या अर्जावर उत्तर आलं, की वर्तन मास्तरच्या दर्जाला शोभेसं नाही, तूर्त आहे तिथेच राहावं. ते तूर्त संपलं नाही. पुढच्या वर्षी वाईहून आई गेल्याचं पत्र आलं, तेव्हा तिच्या तेराव्यालाही तो पोहोचू शकला नाही. मी भेटायला गेलो तर भरावावर एकटाच उभा होता. मला बघून म्हणाला, "तिला शेवटी शेवटी दिसतच नव्हतं रे. मी आलो असतो तरी आवाजावरूनच ओळखलं असतं तिने..." डेप्युटींपुढे मी काय बोललो ते मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

नंतर मी बढतीवर अकोल्याला आलो. आगगाडी सुरू झाली, लढाई संपली, भाव कोसळला, शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्या दिसेनाशा झाल्या. सदाशिव तिथेच राहिला. गिरजामायचं प्रायश्चित्त एका हंगामाचं होतं, पण याने दरसाल वेचणीचे रविवार चालूच ठेवले. पत्रात लिहायचा, "आता परमुलखात नाही मी. सुटीत ये, भटकू." मी दोनदा गेलो. पाच वर्षांत दोनदा.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी बडनेऱ्याला उतरून त्या शेतात गेलो. गिरजामायची सीतादही नुकती आटोपली होती. ती आता वाकली आहे. मी तिच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. बोंडं, वाती, उपरणं, डेप्युटी, काही मागे ठेवलं नाही. बायका ओट्या बांधता बांधता थांबल्या.

तिने माझ्याकडे बघितलं. "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"भ्यालो, माय."

"अन् त्यायले भेव नव्हतं का?"

तिने द्रोणातला दहीभात माझ्या हातावर ठेवला, तो इतरांना दिला तेवढाच. बायका वेचणीला लागल्या. शाळेतली पोरं कुणी न बोलावता आली होती. ती ओळींच्या मधे उभी राहून मोठ्याने पाढे म्हणू लागली, आणि बायकांच्या शेजारची एक ओळ कुणीच धरली नव्हती. मी उपरणं सोडून कमरेला गुंडाळू लागलो. मला वाटलं, म्हातारी आता म्हणेल, आखरीलोक वेचा. मी त्याचीच वाट बघत होतो.

गिरजामाय माझ्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, पाहुण्याशी बोलावं तशी ती बोलली.

"राहू द्या जी. तुमाले सवय नाही, ऊन लागन. तुमी बसा बांधावर."

ती त्या ओळीत शिरली आणि वेचू लागली. मी निंबाखाली जाऊन बसलो.